चेंडू बॅटला टेकतो तेव्हा

क्रिकेटचा चेंडू बॅटला टेकतो आणि सुटतो, यात सेकंदाचा सुमारे हजारावा भाग जातो. एवढ्या अवधीत ताशी १४५ किलोमीटर वेगानं आलेला चेंडू थांबतो, किंचित दबतो, दिशा बदलतो आणि चालू लागतो. स्टेडियममध्ये हजारो माणसं श्वास रोखून बसलेली असतात, पण त्यांच्यापैकी एकानंही ही भेट पाहिलेली नसते. डोळ्यांना ती दिसूच शकत नाही. आपल्याला येणारा चेंडू दिसतो, मग जाणारा चेंडू दिसतो. मधली जागा मेंदू आपली आपण भरून काढतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो असतो. चेंडू बॅटच्या ऐन मधोमध टेकलेला, शिवणीचे टाके मोजता यावेत इतका स्पष्ट, आणि फलंदाजाची मान त्याच्यावर झुकलेली.

कुणालाच न दिसलेला हा क्षण फोटोग्राफरला कसा दिसला? त्यालाही दिसला नव्हता. क्रीडा छायाचित्रणातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच आहे. ती नीट समजून घ्यायची तर थोडा हिशेब करावा लागेल.

ताशी १४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ४० मीटर. डोळ्यांनी काही पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सरावानं तो थोडा कमी होतो, फार नाही. बोट दाबल्यावर कॅमेऱ्यालाही आपलं काम करायला वेळ हवा; आरसा असलेल्या चांगल्या व्यावसायिक कॅमेऱ्यात तो सेकंदाचा विसावा भाग धरू. दोन्ही मिळून झालं पाव सेकंद. पाव सेकंदात ४० मीटरच्या वेगानं जाणारी वस्तू १० मीटर पुढे जाते, आणि खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर. चेंडू बॅटला लागलेला पाहून जो बटण दाबेल, त्याच्या फोटोत चेंडू केव्हाच दूर गेलेला असेल, आणि बहुधा चौकटीबाहेरही.

कानांवर भिस्त ठेवली तर आणखी उशीर. फोटोग्राफर बसतो सीमारेषेबाहेर, खेळपट्टीपासून सत्तरेक मीटरवर. ध्वनीला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. बॅटचा तो गोड ठोका ऐकून बोट दाबलं, तर सगळा मिळून जवळपास अर्धा सेकंद गेला. वेगवान गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण एवढाच वेळ घेतो.

आता हाच हिशेब उलटा मांडून पाहा. चेंडू बॅटवर असतानाच शटर उघडायला हवं असेल, तर दाबायचा निर्णय पाव सेकंद आधी घ्यावा लागेल. तेव्हा चेंडू फलंदाजापासून नऊ-दहा मीटर लांब असतो. चांगल्या टप्प्याचा चेंडू यष्ट्यांपासून सहा ते आठ मीटरवर पडतो. म्हणजे निर्णयाच्या घडीला चेंडूचा टप्पाही पडलेला नसतो! तो आत येणार की बाहेर जाणार, उसळणार की खाली राहणार, फलंदाज खेळणार की सोडून देणार, यांतलं काहीही अजून घडलेलं नाही. फोटोग्राफर बोट दाबतो ते या न घडलेल्या गोष्टीवर.

मैदानावर आणखी एक माणूस याच अडचणीत असतो, तो म्हणजे फलंदाज. त्याच्याकडेही तोच अर्धा सेकंद, तेच डोळे आणि तीच मज्जासंस्था. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्याला छोटा कॅमेरा लावून त्यांची नजर कुठे जाते ते तपासलं. फलंदाज चेंडूकडे सतत पाहतच नाही, असं त्यांना आढळलं. हातातून सुटताना तो चेंडू पाहतो, मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून पुढे उडी घेते आणि टप्पा पडणार त्या जागेवर चेंडूच्या आधी जाऊन थांबते. फलंदाज जितका कसलेला, तितकी ही उडी लवकर. ‘चेंडूवर नजर ठेव’ असं आपण पोरांना सांगतो. उत्तम फलंदाज प्रत्यक्षात चेंडू जिथे येणार तिथे नजर ठेवतो.

उत्तम फोटोग्राफरही तेच करतो. म्हणून या क्षेत्रातले मोठे लोक आधी खेळाचे जाणकार असतात आणि मग कॅमेऱ्याचे. इंग्लंडच्या पॅट्रिक इगर यांनी तीनशेहून अधिक कसोटी सामन्यांचे फोटो काढले. एवढे सामने लेन्समधून पाहिलेल्या माणसाला कोणता फलंदाज आखूड चेंडूवर मोह आवरणार नाही, कोणता गोलंदाज बळी मिळाल्यावर कुणाच्या दिशेनं धावत सुटेल, हे अंगवळणी पडलेलं असतं. धावत्या खेळात ही माहितीच त्याला पाव सेकंद मिळवून देते.

क्रिकेटमधलं जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र एका क्रिकेटपटूनंच काढलेलं आहे, हा मला योगायोग वाटत नाही. जॉर्ज बेल्डम मिडलसेक्सकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत. १९०५ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, तेव्हा लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांनी त्या संघातल्या व्हिक्टर ट्रम्परचा फोटो काढला. सामना चालू असताना नव्हे. त्या काळच्या कॅमेऱ्यांनी सीमारेषेबाहेरून तसलं काही टिपणं शक्य नव्हतं. ट्रम्पर क्रीज सोडून पुढे झेपावला आहे, पुढचा पाय लांब टाकलेला, बॅट मागे उंच उचललेली, सगळा देह चेंडूकडे ओढला गेलेला. सी. बी. फ्राय यांच्यासोबत बेल्डम यांनी त्याच वर्षी काढलेल्या फलंदाजांवरच्या पुस्तकात हा फोटो आला. पुढे शंभराहून अधिक वर्षांत क्रिकेटचे कोट्यवधी फोटो निघाले, तरी तो मागे पडलेला नाही.

त्या फोटोत फटका नाही. फटका अजून व्हायचा आहे. बेल्डम यांच्याकडे काचेची प्लेट होती, एका झेपेला एकच संधी होती, आणि त्यांनी निवडला तो फटक्याच्या आधीचा क्षण. फलंदाजीत सगळं सामर्थ्य कुठे साठतं, हे स्वतः बॅट हातात धरलेल्या माणसाला ठाऊक होतं. पाहणाऱ्याच्या मनात फटका पुरा होतो, दर वेळी नव्यानं.

त्या निवडीला भौतिकशास्त्राचाही आधार आहे, आणि तो भलताच सुंदर आहे. मागे उचललेली बॅट जिथून पुढे यायला निघते, तिथे तिचा वेग शून्य होतो. दिशा उलटी करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मधे कुठेतरी थांबावंच लागतं. चढाईला गेलेला कबड्डीपटू गडी टिपून मागे वळतो तेव्हा त्याचं धड क्षणभर स्थिर असतं. टेनिसपटू सर्व्हिससाठी चेंडू वर फेकतो, तो चेंडू माथ्यावर थांबतो. व्हॉलीबॉलपटू स्मॅशसाठी उडतो, तोही वर जाऊन थांबतो. मंद लेन्स आणि मंद फिल्म घेऊन काम करणाऱ्या जुन्या फोटोग्राफरांना हे थांबे पाठ होते. वेगवान खेळाचे धारदार फोटो त्यांनी या थांब्यांवर उभं राहून काढले.

उडीचा थांबा तर अपेक्षेपेक्षा कितीतरी लांब असतो. वर फेकलेली कुठलीही वस्तू आपल्या हवेतल्या एकूण वेळेपैकी बरोबर अर्धा वेळ उडीच्या वरच्या पाव भागात घालवते. ८० सेंटिमीटर उडणारा व्हॉलीबॉलपटू घ्या. तो साधारण ०.८ सेकंद हवेत असतो, आणि त्यातले ०.४ सेकंद फक्त वरच्या २० सेंटिमीटरमध्ये. ऐन माथ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून सेकंदाचा दहावा भाग धरला, तर तेवढ्या वेळात त्याचं शरीर जेमतेम एक सेंटिमीटर वर-खाली होतं. खेळाडू हवेत ‘तरंगला’ असं आपण म्हणतो ते आलंकारिक नाही. माथ्यावर तो खरोखरच जवळजवळ थांबलेला असतो, आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं संथ असलं तरी त्याचा चेहरा स्वच्छ येतो.

बॅटवर टेकलेल्या चेंडूला मात्र असा थांबा नाही, आणि असला तरी तो हजाराव्या भागाचा. इथे खेळाखेळांत केवढा फरक आहे पाहा. फुटबॉल पायाला साधारण १० मिलिसेकंद चिकटून असतो, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. टेनिसचा चेंडू रॅकेटच्या तारांवर पाचेक मिलिसेकंद रेंगाळतो. क्रिकेटचा एक. गोल्फचा अर्धाच. तारांवर चपटा झालेला टेनिसचा चेंडू फोटोंत बऱ्याचदा दिसतो आणि गोल्फचा जवळजवळ कधीच दिसत नाही, त्याचं कारण हे आकडे. गोल्फच्या त्या अर्ध्या मिलिसेकंदात शिरायला शटर पुरत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात त्यासाठी शटरचा नाद सोडून प्रकाशालाच शटर केलं. काळोख्या खोलीत कॅमेरा उघडाच ठेवायचा आणि सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा विजेचा झोत टाकायचा. जे काही दिसेल ते तेवढ्याच वेळातलं. लाथ बसलेला फुटबॉल खोलवर आत गेलेला आणि बूट त्यात रुतलेला, हे दृश्य माणसानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते अशा फोटोंत.

“पण आता कॅमेरे सेकंदाला वीस-वीस फोटो काढतात, बटण दाबून ठेवलं की झालं,” असं कुणीही म्हणेल. पुन्हा हिशेब करू. सेकंदाला २० फोटो, प्रत्येक फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. म्हणजे एका सेकंदातले २० मिलिसेकंद कॅमेऱ्यानं पाहिले आणि ९८० पाहिलेच नाहीत. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग फोटोंच्या मधल्या अंधारात गेले. दोन फोटोंमध्ये ५० मिलिसेकंदांचं अंतर, आणि आपल्याला हवी असलेली भेट एका मिलिसेकंदाची. या जाळ्याची भोकं माशापेक्षा पन्नासपट मोठी आहेत. नुसतं बटण दाबून ठेवणाऱ्याला चेंडू बॅटवर सापडण्याची शक्यता साधारण पंचविसात एक. बाकी चोवीस वेळा चेंडू बॅटच्या अलीकडे किंवा पलीकडे. म्हणून कसलेला फोटोग्राफर फोटोंची माळ लावतो तेव्हाही पहिला फोटो नेमका कुठे पडावा याचा विचार करून बोट दाबतो. पहिल्या फोटोचं टायमिंग माणसाचं असतं, उरलेल्यांचं यंत्राचं.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यानं यात आणखी एक विलक्षण अट घातली होती. त्यात फोटोग्राफर लेन्समधून पाहतो ते आरशाच्या मदतीनं. फोटो निघण्यासाठी तो आरसा वर उचलला जावा लागतो, आणि तो उचललेला असेपर्यंत फोटोग्राफरला समोर फक्त काळं दिसतं. जो क्षण फिल्मवर उमटला तो त्यानं डोळ्यांनी पाहिलेला नाही. जो त्याला स्पष्ट दिसला तो फिल्मवर नाही. अशा कॅमेऱ्यांच्या चार-पाच दशकांतली खेळांची बहुतेक गाजलेली छायाचित्रं अशी, काढणाऱ्यानं स्वतः न पाहता काढलेली आहेत. मला हे वाचून पहिल्यांदा विश्वास बसेना, आणि अजूनही एखादा जुना फोटो पाहताना ही गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो.

याचं टोकाला गेलेलं उदाहरण अगदी अलीकडचं आहे, आणि त्यात अडथळा आरशाचा नव्हता. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिकमधली सर्फिंग स्पर्धा. ती पॅरिसपासून हजारो किलोमीटर लांब, ताहिती बेटावर तेआहूपो इथे होती. एएफपी वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर जेरोम ब्रूये एका बोटीवर होते. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना प्रचंड लाटेच्या पोटात शिरला, आणि बोटीवरून दिसत होती ती लाटेची पाठ. मेदिना दिसतच नव्हता. पण लाट चांगली साधली की सर्फर आनंदानं लाटेच्या माथ्यावरून बाहेर झेप घेतात, हे ब्रूये यांना माहीत होतं. त्यांनी लेन्स रिकाम्या माथ्यावर रोखून ठेवली. मेदिना बाहेर आला, एक बोट आकाशाकडे, शेजारी त्याची फळीही त्याच्यासारखीच हवेत उभी. ब्रूये यांना चार फोटो मिळाले. त्यांतला एक काही तासांत जगभर पोचला. त्या लाटेला पंचांनी १० पैकी ९.९० गुण दिले होते.

जागेचा भाग इथे येतोच, आणि तो मोठा आहे. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतल्या लुइस्टन गावी मुहम्मद अलीनं सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणारा, उजवा हात छातीशी आवळलेला अली, हा फोटो पाहिला नाही असा क्रीडाप्रेमी विरळा. तो काढला २२ वर्षांच्या नील लायफरनं. त्यानं रिंगच्या वर मोठे फ्लॅश बांधले होते आणि एकदा चमकल्यावर ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागत असे. म्हणजे संधी एकच. फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला एक फोटोग्राफर दिसतो, हर्ब शार्फमन. तो लायफरच्याच मासिकाचा, त्याच्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं कितीतरी मोठा. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. कौशल्य दोघांकडेही होतं. पण अलीनं तोंड कुठे करावं हे कुणाच्या हातात नव्हतं, आणि तोंड ज्या बाजूला झालं त्या बाजूला लायफर पूर्ण तयारीत होता.

आतापर्यंत मी ‘क्षण’ हा शब्द असा वापरला, जणू फोटोत एकच क्षण असतो. तसंही नाही. पडद्याच्या शटरमध्ये एका पडद्यामागून दुसरा धावतो आणि दोघांमधल्या फटीतून प्रकाश आत येतो. ही फट चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सेकंदाचा साधारण अडीचशेवा भाग घेते. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फोटो म्हणजे चित्राच्या पाव उंचीची फट चित्रावरून फिरली, एवढाच अर्थ. चित्राच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला सुमारे चार मिलिसेकंदांचा फरक असतो. तेवढ्यात आपला तो चेंडू १६ सेंटिमीटर सरकतो. फलंदाजाचं हेल्मेट आणि त्याचे बूट एकाच फोटोत असले तरी एकाच वेळेचे नसतात.

जुन्या संथ शटरमध्ये हा फरक उघड दिसायचा. फ्रान्सचा जाक-आंरी लार्तीग अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, १९१२-१३च्या सुमारास, त्यानं मोटारींच्या शर्यतीत एका धावत्या गाडीचा फोटो काढला. गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण गाडी त्याच्याहून वेगवान निघाली. परिणामी गाडीचं गोल चाक पुढे झुकलेलं लंबवर्तुळ झालं आणि रस्त्याकडेची माणसं उलट्या बाजूला कलली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं लार्तीगचं प्रदर्शन भरवल्यावर तो जगभर ओळखला जाऊ लागला, आणि हे झुकलेलं चाक वेगाचं प्रतीकच होऊन बसलं. मला तर हा फोटो कुठल्याही धारदार फोटोपेक्षा अधिक खरा वाटतो. गाडी जोरात जाते आहे, हे त्यात दिसतं. उभी असलेली गाडी आणि दोनशेच्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाच्या चार हजाराव्या भागात अगदी सारखीच दिसते. वेग गोठवताना तो पुसूनही टाकला जातो.

म्हणून काही जण मुद्दाम संथ शटर वापरतात. १४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, १०० मीटरची उपान्त्य शर्यत. उसेन बोल्ट मान बाजूला वळवून हसतो आहे, मागचे धावपटू जिवाच्या आकांतानं धावताहेत, आणि सगळी पार्श्वभूमी आडव्या रेघांची झालेली. कॅमेरॉन स्पेन्सर यांनी हा फोटो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात काढला. एवढ्या वेळात बोल्ट पाव मीटर पुढे जातो. कॅमेरा स्थिर असता तर त्याचा नुसता पिवळा पट्टा उमटला असता. स्पेन्सर यांनी कॅमेरा बोल्टच्याच गतीनं फिरवला, त्यामुळे लेन्सच्या दृष्टीनं बोल्ट स्थिर आणि स्टेडियम धावतं झालं. याला पॅनिंग म्हणतात. हात-पाय थोडे पुसट, चेहरा स्वच्छ. शंभरातले नव्वद प्रयत्न फुकट जावेत असलं हे काम, आणि शर्यत दहा सेकंदांची.

धावण्याच्या शर्यतीत आणखी एक कॅमेरा असतो, आणि तो या सगळ्यांपेक्षा अद्भुत आहे. अंतिम रेषेवरचा फोटो-फिनिश कॅमेरा फक्त रेषेचीच एक अतिशय अरुंद पट्टी पाहतो. सेकंदाला हजारो वेळा तो तीच पट्टी टिपतो आणि त्या पट्ट्या एकाला एक लावून चित्र तयार होतं. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा नसते, काळ असतो. दिसणारे सगळे धावपटू एकाच जागी आहेत, रेषेवर. फक्त वेगवेगळ्या वेळी. रेषेवर टेकून राहिलेलं पाऊल त्यात लांबच लांब ताणलेलं दिसतं, कारण ते तिथे बराच वेळ होतं. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नोआ लाइल्सनं १०० मीटर ९.७८४ सेकंदांत पार केले आणि किशेन थॉम्प्सननं ९.७८९. पाच हजारांश सेकंद. थॉम्प्सनचं पाऊल आधी पुढे पोचलं होतं, पण नियमानं मोजतात ते धड. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत आली आणि रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१ मध्ये. भारताचं पदक अशाच एका चित्रातल्या बारीकशा फटीत हुकलं. अंतरात मोजलं तर सातेक सेंटिमीटर.

तंत्र आता फार पुढे गेलं आहे. २०२३ अखेरीस सोनीनं जाहीर केलेला एक कॅमेरा सेकंदाला १२० फोटो काढतो, आणि त्यात पडदा किंवा फट नाही. चित्राचा प्रत्येक बिंदू एकाच वेळी टिपला जातो. लार्तीगचं झुकलेलं चाक त्या कॅमेऱ्यात येणार नाही. त्याहून नवलाची सोय म्हणजे बटण अर्धवट दाबून ठेवलं की कॅमेरा सतत फोटो साठवत राहतो, आणि पुरं दाबताच आधीच्या काही क्षणांचेही फोटो हातात देतो. पाव सेकंदाचा जो उशीर माणसाच्या शरीरातच आहे, तो अशा रीतीनं भरून निघतो. तरीही बॅट-चेंडूच्या भेटीचा हिशेब केला, तर १२० फोटोंच्या माळेतही दोन फोटोंमध्ये आठ मिलिसेकंदांचं अंतर राहतं, आणि चेंडू नेमका बॅटवर सापडण्याची शक्यता चारात एक एवढीच होते. कुठे बसायचं, पार्श्वभूमीला जाहिरातीचा फलक येऊ द्यायचा की प्रेक्षकांची सावली, कुणावर फोकस ठेवायचा, हे तर कुठलाच कॅमेरा ठरवत नाही. बंदिस्त सभागृहात कबड्डीचा फोटो आठेक मीटरवरून मोठ्या लेन्सनं काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एका वितीचा असतो. चढाई करणाऱ्याच्या बोटांवर फोकस ठेवला तर त्याचा चेहरा गेला. चेहऱ्यावर ठेवला तर बोटं गेली. गडी टिपला जाईल की पकड होईल, याचा कौल आधीच देऊन फोटोग्राफर बसलेला असतो.

हे सगळं स्वतः अनुभवायला महागडा कॅमेरा लागत नाही. गावातल्या, सोसायटीतल्या किंवा शाळेच्या मैदानावर क्रिकेट चालू असेल तिथे स्वच्छ उन्हात फलंदाजाच्या बाजूला, स्क्वेअर लेगच्या दिशेला सुरक्षित अंतरावर उभे राहा. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा, फोटोंची माळ बंद करा, आणि एका चेंडूला एकदाच बटण दाबा. मग प्रत्येक फोटोत चेंडू बॅटपासून किती लांब आहे ते पाहा. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. फोटोत तो बॅटपासून एक मीटरवर असेल, तर तुमचं टायमिंग ४० मिलिसेकंदांनी चुकलं. बॅटच्या पलीकडे गेला असेल तर उशीर, अलीकडे असेल तर घाई. पहिले काही फोटो बहुतेक सगळे उशिराचे येतील, कारण तुम्ही चेंडूकडे पाहत असाल. मग गोलंदाजाच्या हाताकडे आणि फलंदाजाच्या पुढच्या पायाकडे पाहायला लागा, आणि अंतर किती कमी होतं ते मोजत राहा.